ताबा-दाव्यातील भाडेकरूचा बचाव (महाराष्ट्र)

घरमालकाने जागा रिकामी करून मिळावी म्हणून दावा लावल्यास भाडेकरूला कोर्टात घेता येणारे बचाव. त्यांचा मुख्य आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आहे. तो ३१ मार्च २००० रोजी अमलात आला आणि त्याने १९४७चा मुंबई भाडे कायदा तसेच विदर्भ व मराठवाड्यातील जुने भाडेविषयक कायदे यांची जागा घेतली. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. असे न्यायालय नसेल तेथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे.

कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय, म्हणजे ताबा देण्याच्या निकालाशिवाय, घरमालकाला भाडेकरूचे सामान बाहेर काढता येत नाही. बळजबरीने ताबा घेतल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो. नळ किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणणे हा नेहमीचा प्रकार. त्याविरुद्ध १९९९च्या भाडे कायद्याच्या कलम २९ खाली अर्ज करता येतो.

हातावर पोट असलेल्या कुटुंबाला बहुधा थकबाकीच्या दाव्याला तोंड द्यावे लागते, आणि कायद्याचे सर्वांत भक्कम संरक्षणही येथेच आहे. कलम १५ नुसार घरमालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते व ती बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. या मुदतीत बाकी चुकती केली, तर थकबाकीचे कारण संपते. तेवढे जमले नाही तरी दुसरी संधी असते. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व बाकी, तीवर दरसाल १५ टक्के सरळव्याज भरायचे, पुढचे भाडे निकाल लागेपर्यंत नियमित जमा करायचे आणि कोर्ट सांगेल तो दावाखर्च द्यायचा. हे पाळले, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. मात्र न्यायालये ही अट काटेकोरपणे लावतात. पुढच्या महिन्यांचे भाडे भरण्यात खंड पडला की संरक्षण हातचे जाते. म्हणून गरीब भाडेकरूने वकिलाशी पहिल्याच भेटीत पैसे कोर्टात कधी व कसे भरायचे हे ठरवून घ्यावे. घरमालक भाडे घेत नसेल, तर परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवावी. भाडे द्यायची तयारी होती याचा तो पुरावा ठरतो. भाडेपावती देणे घरमालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

घरमालकाला स्वतःसाठी जागेची वाजवी व खरीखुरी गरज असल्याचा दावा वेगळा. येथे गरज सिद्ध झाली तरी कोर्टाला कोणाची अडचण अधिक हे तोलावे लागते आणि भाडेकरूची अधिक असेल तर हुकूमनामा नाकारावा लागतो. पण ती अडचण भाडेकरूने पुराव्याने दाखवावी लागते: उत्पन्न, मुलांची शाळा, आजारपण, दुसरीकडे जागा शोधूनही न मिळाल्याची साक्ष. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, याबद्दल एखादे मोघम वाक्य लिहून भागत नाही. पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, दाव्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसणे ही ताब्याची इतर कारणे. त्यांपैकी शेवटचे कारण खोडून काढायला वीजबिले, शिधापत्रिका व शेजाऱ्यांची साक्ष उपयोगी पडते.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची नुसती परवानगी देणाऱ्या करारावर, राहणाऱ्यांना यातले बहुतेक संरक्षण नाही, आणि आज शहरांत नव्याने घर घेणारे बहुतेक याच करारावर राहतात. मुदत संपल्यावर घरमालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. राहणाऱ्याने समन्सनंतर ३० दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर घरमालकाचे म्हणणे मान्य असल्याचे धरले जाते. करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर मात्र कलम ५५ भाडेकरूच्या बाजूने झुकते: उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत त्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

समन्स न घेणे किंवा तारखेला न जाणे हा बचाव नव्हे. त्यातून एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत साधारणतः ३० दिवसांची आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

निकाल विरुद्ध गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. दुसरे अपील नाही. अपील चालू असताना हुकूमनाम्याला स्थगिती देताना कोर्ट जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाने रक्कम भरायला सांगू शकते. चाळीतल्या कुटुंबाला ही अट मूळ हुकूमनाम्याइतकीच जड जाते. घोषित झोपडपट्टी क्षेत्रात राहणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. १९७१च्या झोपडपट्टी अधिनियमाच्या कलम २२ नुसार तेथील रहिवाशाविरुद्ध ताब्याचा दावा लावण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती देताना रहिवाशाला ऐपतीत पर्यायी जागा मिळेल का हे पाहावे लागते.