मूल ओळखायचे कसे? बालविकासाच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी ‘समग्र प्रगतिपत्रक’ आले, तेव्हा गुण आणि श्रेणी पाहण्याची सवय झालेल्या अनेक पालकांना ते अगदी नवे वाटले. वास्तविक, लहान मुलाकडे सर्व बाजूंनी पाहावे हा आग्रह आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. मोजमापाची साधने मात्र वेगळ्याच गरजांतून घडत गेली, आणि हे दोन प्रवाह फार काळ एकमेकांना भेटले नाहीत.

पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुले हुडकण्यासाठी. त्याच धर्तीवर आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी पुढे मराठी आणि कन्नड मुलांसाठी चाचणी बसवली. अगदी तान्ह्या मुलांसाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केलेले काम अधिक मोलाचे आहे. मूल मान कधी धरते, आवाजाकडे कधी वळते, आधाराशिवाय कधी चालते, यांची भारतीय बालकांवरून ठरवलेली प्रमाणके त्यातून हाती आली, आणि परदेशी तक्त्यांवर विसंबण्याची वेळ टळली.

दुसरा प्रवाह गुजरातमधील भावनगरचा. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली, आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांनी हे काम आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. तेथे पाने, बिया, खडे, शिंपले हीच शैक्षणिक साधने होती, आणि मुलाची आंघोळ, नखे, भूक यांकडे लक्ष देणे हा शिक्षणाचाच भाग होता. मूल्यमापन हा शब्द तेथे फारसा वापरला गेला नसेल, पण मूल पाहणे तेथे रोज घडत होते, आणि माझ्या मते समग्र मूल्यमापनाचे खरे बीज तेच आहे.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तिच्यासोबत वजनकाटा आणि वाढीचा तक्ताही आला. हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून केशरी पट्ट्यात घसरणारे मूल वेळीच दिसणे ही फार मोठी गोष्ट होती. मात्र नोंदवहीत वजनालाच रकाना होता. बोलणे, खेळणे, इतरांत मिसळणे यांची दखल सेविकेच्या मनातच राहिली.

शाळेच्या बाजूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापनाचा विचार मांडला, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला आधार दिला, आणि महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (शिकताना वर्षभर चालणारे) व संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापन रुजू झाले. हेतू उत्तम होता. परंतु एकेका वर्गात चाळीस-पन्नास मुले आणि प्रत्येकाची वर्णनात्मक नोंद, या ओझ्याखाली तयार वाक्यांच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’ हे वाक्य अनेकांच्या नावापुढे तसेच्या तसे उतरले, आणि त्यातून एकही मूल ओळखता येईना.

२०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत स्तर मानला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने पंचकोशांच्या, म्हणजे माणसाचे अस्तित्व पाच थरांचे मानणाऱ्या, कल्पनेचा आधार घेत शारीरिक, भावनिक, बौद्धिक, भाषिक आणि सौंदर्यविषयक विकास एकत्र मांडला. मुलाचे स्वतःविषयीचे मत, सोबत्याचे मत आणि पालकांचे निरीक्षण यांना प्रगतिपत्रकात जागा मिळाली.

मणी ओवणारी चार वर्षांची मुलगी पाहा. चिमटीत दोरा धरताना तिचे बारीक स्नायू कामाला लागतात, लाल-पिवळा-लाल असा क्रम तिने स्वतः ठरवलेला असतो, मणी घरंगळला की ती शेजारणीला हाक मारते, आणि तो सापडेपर्यंत थांबून राहते. शरीर, बुद्धी, भाषा, संयम असे एकाच वेळी समोर येते. हे सारे टिपायला पाच-दहा मिनिटे तिच्याजवळ बसावे लागते. वजन, आहार, लसीकरण, पोषणाची मोबाइलवरील नोंद अशी सगळी कामे ज्या एका सेविकेच्या हाती आहेत, तिच्याकडूनच आता ही मिनिटेही अपेक्षित आहेत.