कॅम्पर व्हॅनमधला आवाज: आधी पत्रा, मग स्पीकर

कॅम्परमध्ये, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या व्हॅनमध्ये, किंवा कुठल्याही गाडीत बसवायच्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून, ते मांडून बघण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि नेहमीच्या स्पीकरचा रोध ४ ओहम असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती; उत्तर येतं ५२ वॅट. पण हे उत्तर चौकोनी तरंगाचं, म्हणजे पार फाटलेल्या आवाजाचं आहे. स्वच्छ सुरासाठी हाच हिशेब जेमतेम २६ वॅटवर येतो. इंजिन बंद केलं आणि बॅटरी १२.६ व्होल्टवर आली, की २० वॅटच्याही किंचित खाली. व्होल्टेज वाढवायची सोय ज्या स्टिरिओत नाही, तो कितीही महागडा असला तरी यापुढे जाऊ शकत नाही.

म्हणून पहिला विचार येतो वेगळ्या अँप्लिफायरचा. तो १२ व्होल्टचे आतल्या आत अधिक-उणे ३० व्होल्ट करून १०० वॅट सहज देतो. पण कान शक्ती वेगळ्या रीतीने मोजतो. २० चे १०० वॅट झाले तर आवाज वाढतो ७ डेसिबल, आणि तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. स्पीकर घेताना वॅटपेक्षा त्याची संवेदनशीलता बघावी: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तो किती डेसिबल देतो. ३ डेसिबल जास्त देणारा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते.

तरीही माझं ठाम मत असं, की ही दोन्ही खरेदी नंतर. आधी, स्पीकर ज्यात बसवलेला असतो त्या दाराचं आतलं पॅनेल काढावं.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या बरोबर उलट असतात. त्या भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. १०० हर्ट्‌झच्या सुराची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर. तिच्यासमोर पडद्याच्या पुढून मागे जायचं वीतभर अंतर काहीच नाही, त्यामुळे खालचे सूर आधी गायब होतात. दाराच्या आतल्या पत्र्याला दुरुस्तीसाठी मोठमोठी भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर बऱ्याचदा नुसता पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो. कडक पत्र्याने किंवा जाड प्लॅस्टिकने ती भोकं बंद केली, की त्याच जुन्या स्पीकरमधून बास ऐकू येऊ लागतो. दाराच्या तळाशी असलेली बारीक छिद्रं मात्र बुजवू नयेत. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या थरथरण्याचा. व्हॅनच्या बाजूचा पत्रा सुमारे मिलिमीटरभर जाडीचा, सपाट आणि लांबरुंद असतो. बोटाने टकटक केली तर तो ताटासारखा वाजतो. त्यावर ब्यूटाइल रबराचा आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थराचा पट्टा चिकटवतात. पत्रा वाकला की रबर त्या दोन धातूंमध्ये ताणलं जातं, आणि कंपनाची ऊर्जा रबरात उष्णता होऊन संपते. यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही; प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर, एकूण पाव भाग झाकला तरी फरक स्पष्ट कळतो. डांबराचे पट्टे घेऊ नयेत, उन्हात तापलेल्या गाडीत ते मऊ पडतात. कॅम्परमध्ये लोक उष्णतारोधक फोम लावतात आणि तेवढ्याने आवाजाचंही काम झालं असं समजतात. फोम हलका असतो, पत्र्याचं कंपन तो थांबवू शकत नाही. क्रम असा हवा: आधी रबराचे पट्टे, मग तारा, मग फोम, शेवटी प्लायवूड. प्लाय ठोकून झाल्यावर यातलं काही करायचं म्हणजे सगळं पुन्हा उचकटणं आलं.

सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर, लावायचा असेल तर पलंगाखालची जागा चांगली. ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही, कारण त्याची लाट चार मीटरहून लांब असते आणि आपल्या दोन कानांत अंतर वीतभराचं. पण पलंगाखाली नेमकं कुठे, हे महत्त्वाचं. आतली लांबी साडेतीन मीटर असेल तर ४९ हर्ट्‌झच्या आसपास हवेत स्थिर लाट उभी राहते. दोन्ही टोकांना बास घुमतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. चांगली जागा शोधायची एक सुंदर युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता उशीच्या जागी ठेवावा, खालच्या सुरांचं संगीत लावावं आणि आपण गुडघ्यांवर येऊन, जिथे जिथे तो बसवता येईल तिथे तिथे कान नेऊन ऐकावं. जिथे बास सगळ्यात सारखा वाटेल, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं.

कॅम्परची खरी गंमत अशी, की त्यात दोन वेगळ्या खोल्या असतात: धावणारी आणि उभी. धावताना टायर आणि इंजिनाची घरघर खालच्या सुरांतच जास्त असते, ती संगीतातला बास झाकते. रात्री उभ्या गाडीत घरघर नसते, पण आवाज हळू ठेवलेला असतो, आणि हळू आवाजात कान खालच्या सुरांना फारच कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. बास दोन्हीकडे वाढवावा लागतो, पण कारण वेगळं आणि प्रमाणही वेगळं. म्हणून दोन सेटिंग साठवून ठेवता येतील असा डिजिटल प्रोसेसर (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करणारं यंत्र) मला या सगळ्यातली सर्वांत कामाची वस्तू वाटते. रात्री मात्र शेजारी झोपलेले असतील तर बास कमीच ठेवावा. पातळ पत्रा वरचे सूर थोडेफार अडवतो, खालचे जवळपास तसेच बाहेर सोडतो.

आता तारा. अँप्लिफायर बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं होतं. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३० अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच संपतात; १६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.३. फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा, कारण तो अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. ही ४ चौरस मिलिमीटरची तार दूरच्या टोकाला शॉर्ट झाली, तर तिच्यातून ३०० अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. प्लायच्या मागे लपलेली तार लालबुंद झालेली कोणाला दिसणार?

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू आली, तर दोष बहुधा अर्थिंगचा. स्टिरिओ आणि अँप्लिफायर बॉडीला दोन वेगळ्या ठिकाणी जोडलेले असतात, अल्टरनेटरचा परतीचा प्रवाह त्याच पत्र्यातून वाहतो, आणि दोन ठिकाणांमधला काही मिलिव्होल्टचा फरक सिग्नलच्या तारेतून आत शिरतो. रंग खरवडून दोन्ही एकाच बिंदूला जोडावेत, सिग्नलची तार वीजतारेपासून लांब न्यावी. इंजिन बंद असतानाही कुरकुर आली तर इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर, फ्रिज एकेक करून बंद करून बघावं.

आणि अँप्लिफायरच्या रिमोट तारेवर, म्हणजे त्याला चालू-बंद व्हायचा इशारा देणाऱ्या बारीक तारेवर, एक साधं बटण बसवावं. गाणं बंद असलं तरी अँप्लिफायर चालू राहिला तर तो १ अँपिअरपर्यंत ओढू शकतो, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिचं आयुष्य न घटवता साधारण निम्मेच काढता येतात.