लाइट गेल्यावरचं रामायण

२४ जानेवारी २०२५ ला जपानी-भारतीय अॅनिमेशनचा जुना 'रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स रामा' थिएटरला लागला, इकडं सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती आणि मित्रांच्यात सगळ्यांना एकदम लहानपणीचं कार्टून नेटवर्क आठवायला लागलं. मला मात्र आधी आठवली अम्मम्मा, म्हणजे आईची आई, आणि विड्या वळताना तिच्या मांडीवर असायचं ते तंबाखूचं सूप. ते का, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागतंय.

युगो साको म्हणून जपानी माणूस १९८३ मध्ये भारतात आला तो पिक्चर काढायला नाही, पुरातत्त्ववाले बी. बी. लाल यांचं उत्तर प्रदेशात उत्खनन चालू होतं त्यावर डॉक्युमेंटरी करायला. तिथं त्याला रामायण कळलं आणि मग त्यानं ते सोडलंच नाही. जपानीतली भाषांतरं मिळवून वाचली आणि हे अॅनिमेशनमध्येच व्हायला पाहिजे असं ठरवून टाकलं, कारण देव दाखवायला नटापेक्षा चित्र बरं असं त्याचं मत होतं. मला ते शंभर टक्के पटतंय. पण इकडं विरोध झाला, परदेशी माणूस आमच्या रामाचं कार्टून करतोय म्हणून, सरकारनंपण हात वर केले, शेवटी बरंचसं काम जपानमध्येच झालं. मात्र आपले राम मोहन दिग्दर्शनात होते. १९५६ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेला हा माणूस, आणि धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, बसतात कसे हे सगळं जपानी चित्रकारांना भारतीय लोकांनी दाखवलं. म्हणून तो पिक्चर बघताना कुठं परका वाटत नाही. संगीत वनराज भाटियांचं, आणि सगळी चित्रं हातानं काढलेली.

१९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला. डिसेंबर ९२ ला बाबरी पाडली त्यानंतरचे ते दिवस, दंगली चालू, त्यात असा पिक्चर गावोगावी कुठला लागतोय. तो आपल्यापर्यंत आला टीव्हीवरनं, हिंदीत, कितीतरी वर्षांनी.

आता आमचं घर. सोलापूरच्या पूर्व भागातली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाची माणसं आम्ही, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. गावातली जुनी कापड मिल १८७७ ची, पण निजामाच्या मुलखातनं विणकर सोलापुरात त्याच्याही आधीपासनं येत होते, दुष्काळ पडला की अजून यायचे. पुरुष मागावर, बायका विड्यांवर, हे आमच्या गल्लीत मी मोठा होईपर्यंत तसंच होतं. अम्मम्माला हिंदी येत नव्हती, मराठी बाजारापुरती. टीव्हीवर काय चाललंय हे ती कधी विचारायची नाही, सूप घेऊन बसायची, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, नजर भलतीकडंच. पण हा पिक्चर लागला की तिचं बोट थांबायचं. भाषा कळायची गरजच नव्हती ना, गोष्ट तिचीच होती, उलट तीच आम्हाला सांगायची की बघ आता ताटका येते.

आणि नेमकी लाइट जायची. लोडशेडिंगचे दिवस ते, २००५-०६ च्या आसपासचे, वेळापत्रक असायचं पण ते पाळलं जाईल याचा भरोसा नाही. ज्यांनी पॉवरलूमच्या गल्लीत दिवस काढलेत त्यांनाच कळेल, लाइट गेली की नुसता अंधार नाही होत, चोवीस तास कानात असलेला खडखडाट एका क्षणात बंद होतो आणि शेजारच्या घरातलं भांडंपण ऐकू येतं. त्या शांततेत अम्मम्मा चालू करायची, "तरुवाता एमैंदंटे..." म्हणजे मग पुढं काय झालं तर. कुंभकर्णाला उठवायला ढोल वाजवले ते ती सुपावर वाजवून दाखवायची, थोडा तंबाखू सांडायचा, मग आम्ही पोरं अंधारात चाचपडत गोळा करायचो. अंधारातसुद्धा तिच्या विड्या सारख्याच व्हायच्या. म्हणून कुंभकर्णाच्या पुढचा पिक्चर मी कितीतरी वर्षं डोळ्यांनी बघितलाच नव्हता, कानांनीच ऐकला होता, आणि रावण तिच्या आवाजात बोलायचा, अमरीश पुरींच्या नाही.

२०२५ ला तो परत आला तेव्हा हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगूतपण आला. तेलुगूत! अम्मम्मा जाऊन तोवर सहा वर्षं झालेली. बातमी वाचली आणि मी आईला म्हणलं, चल हैदराबादला जाऊ, मावशीकडं राहू आणि बघू. एका पिक्चरसाठी तीनशे किलोमीटर का, असं तिनं विचारलं नाही, पिशवी भरली.

थिएटर निम्मं रिकामं होतं. मोठ्या पडद्यावर ती चित्रं इतकी सुंदर दिसतात की मी सुरुवातीला गोष्ट विसरून नुसते रंगच बघत बसलो. मग कुंभकर्ण आला, ढोल वाजायला लागले, आणि लाइट काही गेली नाही. आई हळूच तेलुगूत बोलायला लागली, पडद्याच्या एक वाक्य पुढं, आणि तिची बोटं पिशवीच्या कापडावर वळत होती, विडी वळतात तशी.