आयकराची नोंद योजनांच्या यादीपर्यंत कशी पोचली

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली, तेव्हाच एक अट होती: कुटुंबात कोणी आयकर भरणारं नसावं. अर्ज मात्र हमीपत्रावर मंजूर झाले. पडताळणी पुढे आली आणि २०२५ मध्ये आयकर खात्याची माहिती राज्याच्या महिला व बालविकास विभागाला मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेचा इतिहास जुना आहे.

१९२२ च्या आयकर कायद्यात करदात्याचा कागद गोपनीय होता. न्यायालयालाही तो अधिकाऱ्याकडून मागवता येत नसे. लोकांनी खरं उत्पन्न सांगावं, यासाठी ती खात्री होती. १९६१ च्या कायद्यातही ती कलम १३७ म्हणून आली, पण १९६४ मध्ये वगळली गेली. उरलं कलम १३८. जनहितासाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून दुसऱ्या खात्यालाही माहिती देऊ शकतं, अशी त्यात सोय झाली.

तरी बरीच वर्षं योजनांना आयकराचा उपयोग नव्हता. गरिबाचं उत्पन्न तहसीलदाराच्या दाखल्यावर ठरे आणि रेशनकार्डाचा पॅनशी संबंध नव्हता. ती जोडणी आधारने केली. २०१७ मध्ये कलम १३९एए आणून पॅनला आधार जोडणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात मात्र अनुदानासाठीचा वापर आणि ही पॅनजोडणी, दोन्ही टिकलं.

पहिला मोठा अनुभव पीएम-किसान या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेचा. २०१९ मध्ये वर्षाला ६,००० रुपये स्वयंघोषणेवर वाटले गेले. नंतर यादीत आयकरदाते सापडले आणि गावोगावी वसुलीच्या नोटिसा गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोफत धान्याच्या योजनेसाठीही आयकराची माहिती अन्न विभागाला देण्याचं ठरलं.

अपात्रांना वगळायलाच हवं, यात मला शंका नाही. पण दोन याद्यांतल्या नोंदींची जुळवणी हा पुरावा नव्हे. बँकेच्या कर्जासाठी किंवा आधीच कापलेला कर (टीडीएस) परत मिळवण्यासाठी रिटर्न भरणारी माणसं गावात भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांचा कर शून्य असतो. रिटर्न भरणारा आणि कर भरणारा हे दोघं एकाच रकान्यात गेले, तर हप्ता चुकीच्या घरचा थांबतो. शिवाय पॅन एका माणसाचा, अट कुटुंबाची. म्हणूनच सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला आणि विधवा, घटस्फोटित बायका अडकल्या. त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार सरकारी अनुदानासाठी माहिती वापरताना दर वेळी नवी संमती घ्यावी लागत नाही. मात्र ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होतो ती अचूक आणि पूर्ण असावी, अशी अट त्यातच आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला २०२७ उजाडेल.