कॅल्शियमचा तोतया

स्ट्रॉन्शियम ९० चं नाव काढलं की अणुस्फोट आणि चेर्नोबिल आठवतं, पण या मूलद्रव्याची खरी गोम एकच आहे, आवर्तसारणीत ते कॅल्शियमच्या बरोब्बर खाली बसतं. बाहेरच्या कक्षेत तसेच दोन इलेक्ट्रॉन, आकाराने जरासंच मोठं, त्यामुळे शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही आणि ते कॅल्शियम समजून त्यालाही हाडात नेऊन बसवतं. साधं स्ट्रॉन्शियम खडकात, पाण्यात थोडं थोडं असतंच, त्याने काही बिघडत नाही. भीती आहे ती युरेनियम फुटल्यावर तयार होणाऱ्या त्याच्या किरणोत्सारी भावंडांची (मूलद्रव्य तेच, अणूचं वजन वेगळं, ९० किंवा ८९ हा आकडा त्या वजनाचा), कारण १०० अणू फुटले तर जवळपास ६ वेळा शेवटी स्ट्रॉन्शियम ९० हातात येतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, २८.८ वर्षं, त्यामुळे एकदा का हाडीमाशी खिळलं की बराच काळ तिथूनच बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सोडत राहतं, आणि शेजारीच रक्त तयार करणारी मज्जा असते.

हे कसं कळलं ते बघा. १९५० च्या दशकात उघड्यावर अणुचाचण्या चालायच्या, त्याची धूळ गवतावर पडायची, गवत गाईच्या पोटात, तिथून दूध आणि दुधातून पोरांच्या दातात. अमेरिकेत सेंट लुईसला १९५८ मध्ये डॉक्टर लुईझ राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला घेतले, आयांनी पाकिटात घालून पाठवलेले, आणि असे करत करत ३ लाखांच्या वर दात जमले! १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातात १९५० च्या मुलांपेक्षा जवळपास ५० पट स्ट्रॉन्शियम ९० सापडलं. वातावरणातल्या चाचण्या थांबवायचा करार १९६३ मध्येच झाला, आणि तो व्हावा म्हणून लोकमत तयार करण्यात या दातांचा वाटा होता. मला विचाराल तर विज्ञानाने जनतेसाठी केलेल्या कामांत हे काम फार वरच्या नंबरला आहे.

आता गंमत अशी की याच फसवणुकीचा औषधासारखा उपयोग होतो. कॅन्सर हाडात पसरला की वेदना असह्य होतात, आणि जिथे गाठ असते तिथे हाड नव्याने बनायची धडपड जोरात चालू असते, म्हणजे कॅल्शियमची मागणीही तिथेच जास्त. शिरेतून स्ट्रॉन्शियम ८९ दिलं की ते आपोआप त्याच जागी जाऊन बसतं, त्याचे बीटा कण काही मिलिमीटरच जातात, अर्धायुष्य ५० दिवसांचं. कॅन्सर याने बरा होत नाही, रक्तातल्या पेशी थोड्या कमी होतात त्यावर लक्ष ठेवावं लागतं, पण अनेक पेशंटना काही महिने दुखणं कमी होऊन नीट झोप लागते. स्ट्रॉन्शियम ८२ चं काम वेगळं, त्यापासून रुबिडियम ८२ मिळतं, जेमतेम सव्वा मिनिटाचं अर्धायुष्य असलेलं, आणि हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त नीट पोचत नाही हे त्याने पेट स्कॅनमध्ये दिसतं. खुद्द स्ट्रॉन्शियम ९० पासून निघणारं यट्रियम ९० लिव्हरच्या कॅन्सरवर वापरतात.

आणि उष्णता! स्ट्रॉन्शियम ९० स्वतःच तापत राहतं, त्या उष्णतेवर वर्षानुवर्षं वीज बनवता येते, म्हणून सोव्हिएत काळात निर्जन किनाऱ्यांवरची दीपगृहं आणि डोंगरातली रेडिओ केंद्रं अशा जनरेटरवर चालायची. देश फुटला आणि त्यातले काही बेवारस राहिले. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जियात लिया गावाजवळच्या जंगलात लाकडं गोळा करायला गेलेल्या तिघांना दोन धातूची नळकांडी दिसली, सगळीकडे बर्फ आणि यांच्या भोवतीचा मात्र वितळलेला. थंडीची रात्र, त्यांनी ती शेकोटीसारखी जवळ घेतली. काही तासांत उलट्या सुरू झाल्या, पाठ आणि हात भाजले, आणि त्यातला एक जण २००४ मध्ये गेला. बीटा कण जाड धातूवर आदळले की त्यातून एक्स-रे निघतात आणि ते आरपार जातात. नंतर ती नळकांडी उचलायला आलेल्या पथकातल्या प्रत्येकाला मिनिटभरही जवळ थांबू दिलं नव्हतं.

साफसफाईचं म्हणाल तर हे नष्ट करायची युक्ती व्यवहारात कोणाकडे नाही, धरून ठेवायचं आणि वाट बघायची, १० अर्धायुष्यं म्हणजे २८८ वर्षं गेली की साधारण हजारावा हिस्सा उरतो. धरायचं तरी कसं, कारण पाण्यात कॅल्शियम स्ट्रॉन्शियमपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं आणि गाळणीतल्या जागा तेच आधी अडवून बसतं. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दूषित पाण्यातून म्हणूनच आधी कार्बोनेटचा गाळ काढतात आणि मग स्ट्रॉन्शियम धरून ठेवणारे टायटॅनेटसारखे पदार्थ वापरतात. शेतात मात्र उलट करायचं, आम्लयुक्त जमिनीत चुना टाकला की पिकाला कॅल्शियम मुबलक मिळतं आणि स्ट्रॉन्शियम कमी शोषलं जातं.

मला सगळ्यात आवडलेला उपाय अमेरिकेतल्या हॅनफर्ड या जुन्या अणुकेंद्राचा. तिथे रिअॅक्टरचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत सोडलं गेलं आणि स्ट्रॉन्शियम ९० भूजलातून कोलंबिया नदीकडे सरकू लागलं. इंजिनिअरांनी काठावर विहिरी पाडून कॅल्शियम, सायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण आत सोडलं, मातीतले जिवाणू सायट्रेट खातात, कॅल्शियम मोकळं होतं, फॉस्फेटशी जुळतं आणि जमिनीखाली अॅपेटाइट तयार होतं. अॅपेटाइट म्हणजे आपलं हाड ज्याचं बनतं तेच खनिज! काट्याने काटा काढावा तसं, वाहत आलेलं स्ट्रॉन्शियम या जमिनीखालच्या हाडात अडकतं आणि पाणी पुढे जातं.

आणि एक शेवाळही आहे, क्लोस्टेरियम मोनिलिफेरम, सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चंद्रकोरीसारखं दिसणारं. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पिशवी असते, आत सल्फेट, पाण्यात थोडं बेरियम असलं की तिथे बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचे मिळून स्फटिक धरतात आणि कॅल्शियम विरघळलेलंच राहतं. म्हणजे ज्या कॅल्शियमच्या गर्दीत आपल्या गाळण्या गोंधळतात, त्यातून ही एवढीशी पेशी स्ट्रॉन्शियम खड्यासारखं बाजूला काढते, आणि ते खडे तिच्या टोकाला हलताना दिसतात.