डोकेदुखीचे प्रकार ठरले कसे?

मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी दाखवणारी रक्ततपासणी नाही. मेंदूचा स्कॅनही बहुधा नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर विचारतात: किती तास दुखतं, कुठल्या बाजूला, महिन्यातले किती दिवस? ही पद्धत मात्र तशी अलीकडची.

पूर्वी भर कारणावर असे. सुश्रुतसंहितेतल्या ११ शिरोरोगांत वात-पित्त-कफांवरून पाडलेले प्रकार आहेत आणि अर्धावभेदकासारखे (अर्धं डोकं दुखणं) लक्षणांवरून ओळखायचेही. १९३८ मध्ये ग्रॅहॅम आणि वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी रक्तवाहिन्या आकसवणारं अर्गोटामिन हे औषध दिल्यावर कानशिलाच्या धमनीची उसळी ओसरते, तसं दुखणंही ओसरतं, हे मोजून दाखवलं. तेव्हापासून मायग्रेन हा रक्तवाहिन्यांचा आजार मानला गेला. डोकेदुखीच्या १९६२ च्या अमेरिकी वर्गीकरणाने ताणाच्या डोकेदुखीचं खापर आखडलेल्या स्नायूंवर फोडलं. पण स्नायूंची विद्युत नोंद घेतली तर अनेकांत तसं काही सापडेना. शिवाय त्या वर्गीकरणातल्या व्याख्या 'बहुधा', 'कधीकधी' अशा शब्दांवर उभ्या होत्या. त्यामुळे एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन नावं देत.

१९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या समितीने, येस ओलेसेन यांच्या अध्यक्षतेखाली, कारणांचा वाद बाजूला ठेवून लक्षणांचे नेमके आकडे लिहिले. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीतही तोच सांगाडा आहे. मायग्रेनचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तास टिकतो. एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, हालचालीने वाढणारं यांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. जोडीला मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही असह्य. असे किमान ५ झटके झाल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. ताणाची डोकेदुखी ३० मिनिटं ते ७ दिवस, दोन्ही बाजूंना आवळल्यासारखी. चालल्याने वाढत नाही. क्लस्टर डोकेदुखी १५ ते १८० मिनिटांची, डोळ्याभोवती भयंकर. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, माणूस पडून राहूच शकत नाही. 'सायनसचं दुखणं' म्हणून आलेलं पुष्कळदा मायग्रेनच निघतं.

याच यादीत गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखीही आहे: साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (मायग्रेनवरची औषधं) १० दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डोकं जवळजवळ रोजच दुखू लागू शकतं. क्षणात शिगेला पोचणारी, तापासोबत मान ताठणारी किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी मात्र या आकड्यांत बसवत बसू नये; आधी गंभीर आजार वगळावा.

मुलांना हे मोजमाप तंतोतंत लागू पडत नाही. त्यांचं मायग्रेन दोन तासांतही आटोपतं आणि अनेकदा दोन्ही बाजूंना दुखतं.