मौलिक आणि कॉमिक्सवरून रूपांतरित सुपरहिरो (चित्रपट)

चित्रपटांतील सुपरहिरोंचे उगमावरून दोन वर्ग पडतात. जे नायक आधी कॉमिक्सच्या पानांवर अवतरले आणि मग पडद्यावर आले, ते रूपांतरित. जे थेट पटकथेतच जन्मले आणि ज्यांच्यामागे कोणताही छापील इतिहास नाही, ते मौलिक. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडर-मॅन हे पहिल्या वर्गातले, तर ‘अनब्रेकेबल’मधला डेव्हिड डन, ‘द इन्क्रेडिबल्स’मधले कुटुंब, हॅनकॉक, रोबोकॉप हे दुसऱ्या वर्गातले. वरवर पाहता हा फरक केवळ जन्मस्थानाचा वाटतो. प्रत्यक्षात कथा कुठून सुरू करायची, प्रेक्षकाला काय आधीच ठाऊक आहे असे धरून चालायचे आणि नायकाच्या आयुष्याचा शेवट करण्याची मुभा दिग्दर्शकाला आहे की नाही, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्यावरच ठरतात.

रूपांतराची परंपरा जवळजवळ सुपरहिरो कॉमिक्सइतकीच जुनी आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला आणि १९४१ मध्येच रिपब्लिक या चित्रसंस्थेने कॅप्टन मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स-नायकावर बारा भागांची चित्रपटमालिका काढली. १९४३ मध्ये बॅटमॅनची आणि १९४८ मध्ये सुपरमॅनची मालिका आली. या शेवटच्या मालिकेत नटाला उडताना दाखवणे साधेना, म्हणून उड्डाणाच्या वेळी त्याच्या जागी हाताने काढलेले चलच्चित्र येत असे. मोठ्या खर्चाच्या, गंभीरपणे रचलेल्या रूपांतराचा पाया रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’ने घातला. ‘एक्स-मेन’ (२०००) आणि ‘स्पायडर-मॅन’ (२००२) यांच्या यशानंतर हा प्रकार हॉलिवुडच्या व्यवसायाचा मुख्य आधार बनला. ‘आयर्न मॅन’पासून (२००८) सुरू झालेल्या मार्व्हलच्या चित्रपटसाखळीतील ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने २०१९ मध्ये जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

मौलिक सुपरहिरोंचा इतिहास असा सलग नाही. पुष्कळदा तो हक्क न मिळण्यातून घडला आहे. सॅम रेमी यांना ‘द शॅडो’ या जुन्या नायकावर चित्रपट करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचाच नायक घडवला. तो ‘डार्कमॅन’ (१९९०). भाजून विद्रूप झालेला हा शास्त्रज्ञ कृत्रिम कातडीचे मुखवटे करून दुसऱ्यांची रूपे घेतो, पण ती कातडी उजेडात फार काळ टिकत नाही आणि ठरावीक मिनिटांनंतर विरघळू लागते. शक्तीलाच घड्याळ लावण्याची ही कल्पना दिग्दर्शकाला कोणाच्याही परवानगीविना वापरता आली. पुढे त्याच रेमींकडे ‘स्पायडर-मॅन’ सोपवला गेला. त्यात त्यांनी नायकाचे जाळे कॉमिक्सप्रमाणे यंत्रातून न सोडता थेट मनगटातून निघते असे दाखवले, तेव्हा मात्र जुन्या वाचकांनी मोठी नाराजी व्यक्त केली. एकाच दिग्दर्शकाच्या या दोन चित्रपटांत दोन्ही वर्गांतला फरक जितका स्वच्छ दिसतो, तितका तो व्याख्येतून सांगता येत नाही.

रूपांतराची खरी पुंजी म्हणजे प्रेक्षकाची स्मृती. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’मध्ये (२०१७) नायकाला शक्ती देणारा कोळ्याचा दंश आणि त्याच्या काकांचा मृत्यू हे प्रसंग दाखवलेलेच नाहीत, आणि तरीही कोणाचे काही अडत नाही. मौलिक नायकाला ही सवलत नसते. त्याच्या शक्तीचे नियम, तिची मर्यादा, तिची किंमत हे सारे त्याच चित्रपटाच्या दोन तासांत पटवून द्यावे लागते. एम. नाइट श्यामलन यांच्या ‘अनब्रेकेबल’मधला (२०००) तळघरातला प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. डेव्हिड बाकावर आडवा होऊन वजने उचलत असतो आणि त्याचा लहान मुलगा दांड्यावर भार वाढवत जातो. घरातली वजने संपतात, तेव्हा रंगाचे डबे आणून अडकवले जातात. वडील प्रत्येक वेळी मुलाला थोडे दूर उभे राहायला सांगतात. त्या खोलीत विशेष पोशाख नाही, शत्रू नाही, आतषबाजी नाही. एका माणसाला स्वतःविषयी कळत जाते आणि त्याच क्षणी ते आपल्यालाही कळते. सुपरमॅनची ताकद सगळ्यांना पाठ असल्यामुळे त्याच्या वाट्याला हे शोधणे सहसा येत नाही.

तथापि मौलिक नायक पूर्णपणे पोरका नसतो. कॉमिक्सने रुजवलेले संकेत तो उसने घेतो आणि त्यांनाच प्रश्न विचारतो. ब्रॅड बर्ड यांच्या ‘द इन्क्रेडिबल्स’मधील (२००४) आईचे ताणले जाणारे शरीर, मुलीचे अदृश्य होणे आणि तिची ढाल या शक्ती ‘फँटॅस्टिक फोर’ या चार नायकांच्या कॉमिक्सच्या वाचकाला परिचयाच्याच आहेत, नवे आहे ते सक्तीने सामान्य नोकरी करावी लागणाऱ्या बलवान माणसाचे दुःख. पोशाख शिवणारी एडना मोड केप, म्हणजे खांद्यावरून पाठीवर रुळणारे वस्त्र, लावायला साफ नकार देते आणि केपमुळे प्राण गमावलेल्या एकेका नायकाचे नाव घेते. तो विनोद समजण्यासाठी केप ही सुपरहिरोची खूण आहे हे आधी माहीत असावे लागते, आणि ही जाण प्रेक्षकाला कॉमिक्सनेच दिली आहे. म्हणून मौलिकतेचे माप शक्तीच्या नवेपणावरून काढणे योग्य नाही. ‘हॅनकॉक’मधला (२००८) नायक सुपरमॅनसारखाच उडतो, पण तो दारुडा आहे, शहर त्याला कंटाळले आहे, आणि त्याला जनसंपर्काचा सल्ला लागतो.

भारतीय चित्रपटांत हा नायक बहुधा मौलिकच राहिला आहे. ‘क्रिश’ (२००६) आणि ‘रा.वन’ (२०११) यांच्यापाठोपाठ बेसिल जोसेफ यांचा मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (२०२१) आला. त्यात एकाच विजेने गावातल्या दोन माणसांना शक्ती मिळते. नायक शिंपी आहे आणि खलनायकाचे एकाकीपणही चित्रपट तितक्याच आस्थेने मांडतो.

मालकीच्या बाबतीत दोन्ही वर्गांची स्थिती पुष्कळशी सारखीच आहे. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले होते. पटकथेत जन्मलेला नायकही बहुधा चित्रसंस्थेच्याच मालकीचा होतो: डेव्हिड डन डिस्नेकडे होता, त्यामुळे युनिव्हर्सल या दुसऱ्या चित्रसंस्थेसाठी केलेल्या ‘स्प्लिट’मध्ये त्याला क्षणभर आणण्यासाठीही श्यामलन यांना परवानगी घ्यावी लागली. फरक पडतो तो शेवटाच्या वेळी. श्यामलन यांच्याच पुढच्या ‘ग्लास’मध्ये (२०१९) डेव्हिड मरतो आणि त्याची गोष्ट तिथेच संपते, रूपांतरित नायक पडद्यावर मेला तरी छापील अंकांत चालूच राहतो. ‘सुपर हिरो’ हा शब्दसुद्धा अमेरिकेत अनेक दशके डीसी आणि मार्व्हल या दोन कॉमिक्स-प्रकाशकांचे संयुक्त व्यापारचिन्ह होता. ती नोंदणी २०२४ मध्ये रद्द झाली.

दोन्ही वर्गांमधली सीमा सतत ओलांडली जाते. सुपरमॅनला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट प्रथम १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आला आणि कॉमिक्सने तो नंतर स्वीकारला. हार्ले क्विन हे पात्र १९९२ मध्ये बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचले गेले, तिथून ते कॉमिक्समध्ये गेले आणि मग चित्रपटांत आले. ऑस्कर पुरस्कारांची वर्गवारीही इथे अपुरी पडते. ‘द इन्क्रेडिबल्स’ला मौलिक पटकथेचे नामांकन होते, तर बॅटमॅनच्या शत्रूवरील ‘जोकर’ला (२०१९) रूपांतरित पटकथेचे, जरी त्याची कथा कोणत्याही एका कॉमिक्सवर बेतलेली नव्हती. या नियमांनुसार आधीच्या चित्रपटातील पात्रांवर रचलेला पुढचा भाग रूपांतरितच धरला जातो, त्यामुळे पडद्यावर जन्मलेला नायक दुसऱ्याच चित्रपटात कागदोपत्री वर्ग बदलतो.